स्वयंपाकघरात येण्यास पात्र

३ सप्टेंबर, मंगळवार

माझा नवरा हार्लन गेल्यापासून चार वर्षांत रोजनिशी लिहिली नाही, कारण लिहावं असं काही घडतच नव्हतं. आज घडलं. चर्चच्या मंडळाने तपासनीस म्हणून माझी नेमणूक केली.

झालं असं की विमा कंपनीचं पत्र आलं. चर्चमध्ये लहान मुलांना किंवा उकळत्या भांड्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासा, नाहीतर विमा विसरा. आणि १९ ऑक्टोबरला आमचं नूडल-जेवण. चिकन-नूडल, कुस्करलेला बटाटा, ॲपल पाय, चारशे ताटं. निम्मं मिलफोर्क आणि आजूबाजूची तीन गावं जेवून जातात. स्वयंपाकाला एकोणीस स्वयंसेवक लागतात.

मंडळाचे अध्यक्ष कॉर्लिस फेंटन ट्रॅक्टर विकतात आणि सभाही ट्रॅक्टर विकल्यासारखीच चालवतात. ते म्हणाले, कोर्टात जाऊन नोंदी शोधायला कुणीतरी निष्कलंक माणूस हवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. शाळेच्या हजेरी खिडकीत मी एकतीस वर्षं काढली. उशिरा येणाऱ्या पोराला चिठ्ठी देताना मी कधी त्याचा बाप कोण हे पाहिलं नाही.

माझं स्वतःचं आयुष्य धुतल्या तांदळासारखं आहे. एकदाच, फार वर्षांपूर्वी, गायनवृंदाच्या तालमीहून क्लोव्हर लिक खेड्यावरून येताना पावसात कचऱ्याच्या पिंपाला गाडी घासली होती. दुसऱ्या दिवशी हार्लनने जाऊन पाहिलं, पिंप शाबूत होतं. तरीही मी ते तेव्हाच्या पास्टरांना सांगून टाकलं होतं.

निघताना आताचे पास्टर मेरिट यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाले, "विल्मा, जुनी खोकी जड असतात. जरा जपून." मी त्यांना सांगितलं की माझी पाठ उत्तम आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

माझी समजूत होती की सरकारकडे कुठेतरी एक मोठा संगणक असतो आणि त्यात सगळ्यांची पापं ओळीने भरलेली असतात. नाव टाकलं की पाप बाहेर. तसं काही नाही.

काउंटी कोर्टात खिडकीवर नोरीन नावाची बाई बसते. चष्मा गळ्यात, पेन्सिल केसात. तिने मला समजावलं ते असं. मोठे गुन्हे याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. किरकोळ गुन्हे रस्त्यापलीकडच्या छोट्या कोर्टात, जे लॉन्ड्रीच्या शेजारी आहे आणि लॉन्ड्रीपेक्षा लवकर बंद होतं. ज्या खेड्यांना आपापलं मेयरचं कोर्ट आहे, तिथले खटले त्या त्या खेड्याच्या कचेरीत. कोण कधी आत गेलं आणि कधी सुटलं, हे शेरीफच्या तुरुंगाच्या वहीत. पलीकडच्या काउंटीत काय केलं असेल ते पलीकडच्या काउंटीला विचारा. म्हणजे माणसाने नदी ओलांडून दरोडा घातला तर आमच्याकडे तो सज्जन.

"आणि संगणक?" मी विचारलं.

संगणक १९८८ पासूनचा. त्याआधीच्या नोंदी आडनावांप्रमाणे भरायला सरकारने एकदा अनुदान दिलं होतं, ते 'J' या अक्षराशी येऊन संपलं. तेव्हा आमच्या काउंटीत ॲडम्स ते जॉन्सन हे जुने पापी आणि केलरपासून पुढचे सगळे संत. संतांच्या नोंदी तळघरात आहेत.

मी घरी येऊन तीन रंगांची कार्डं कापली. हिरवं म्हणजे पात्र, पिवळं म्हणजे विचाराधीन, लाल म्हणजे अपात्र.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आठवडाभर तिसरा मजला, छोटं कोर्ट आणि तळघर. गुडघे बोलायला लागलेत. पण काय सांगू, शाळेतली नोकरी सुटल्यापासून एवढी गाढ झोप मला लागली नव्हती.

लव्हर्न, आमची ऑर्गनवादक. १९९६ मध्ये दारू पिऊन महामार्गावर गवतकापणी यंत्र चालवलं. पिवळं. खजिनदार होमर, परवान्याशिवाय मासेमारी, तीनदा. पिवळं. रविवारच्या शाळेच्या बाई मिसेस आर्बोगास्ट, बिंगोच्या खेळात शेजारणीच्या तोंडावर ठोसा. लाल. मिसेस आर्बोगास्ट तीस वर्षं मुलांना दुसरा गाल पुढे करायला शिकवतात. स्वतः पास्टर मेरिट, पाद्री होण्याच्या शिक्षणात असताना दगडखाणीच्या तळ्यात कपड्यांशिवाय पोहले. त्यांचं कार्ड कोणत्या रंगाचं करायचं हे मला कळेना, म्हणून तसंच ठेवलं.

कॉर्लिस फेंटन, परवानगीशिवाय पाला जाळणे, दोनदा. पिवळं कार्ड पाहून त्यांनी मंडळात ठराव मांडला की पाला जाळणं हा ऋतुमानाचा विषय आहे, चारित्र्याचा नाही. ठराव संमत. मी कार्ड बदललं, पण पेन्सिलीने.

सध्या एकोणीसपैकी आठ हिरवे उरलेत. लोक मला पाहून दुकानात दुसऱ्या रांगेत जातात. कामाचा धाक बसलाय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज डेल्बर्टची पाळी.

डेल्बर्ट योकम आमच्या स्वयंपाकघराचा प्रमुख आहे, तीस वर्षं. ती नूडल त्याची. पीठ मळतो, जुन्या दाराच्या फळीवर लाटतो आणि सुरीने अशा सरळ पट्ट्या कापतो की पाहत राहावं. बायको वारल्यावर त्याला दुसरं काही उरलं नाही. जेवण नसलं तरी दर मंगळवारी येतो, सुऱ्यांना धार लावतो, ओटे पुसतो आणि जातो. ते ओटे हार्लनने बसवले. म्हणून दारावर पाटी आहे, 'हार्लन स्ट्राउप स्मृती स्वयंपाकघर'. दोघांची घट्ट मैत्री होती. कुठे जुळली म्हणून विचारलं की हार्लन म्हणायचा, शिकारीत.

हार्लन शिकारीला आयुष्यात एकदाच गेला, १९८३ च्या शरदात. पण गेला तो ओळीने चौदा आठवडे. दर शुक्रवारी संध्याकाळी निघायचा, रविवारी यायचा. त्या वर्षी हरणांचा हंगाम बराच लांबला असावा, मला त्यातलं काही कळत नाही. एकही हरीण आणलं नाही, पण येताना दाढी गुळगुळीत आणि कधीकधी केससुद्धा कापलेले. जंगलातली लॉज फार नीटनेटकी आहे म्हणायचा. असो. विषय डेल्बर्टचा.

तळघरात एकेका वर्षाची सूचीवही उलटत १९८३ पर्यंत आले. योकम आडनाव काउंटीत दुसरं नाही, त्याचं एक स्वतंत्र पान आहे. त्या पानावर एकच ओळ आणि त्या ओळीवर काळा कागद चिकटवलेला. खटल्यांच्या वहीत त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात २१२ नंतर एकदम २१४. मी वर गेले.

"ही फाइल कुठे आहे?"

"कुठली?" नोरीन म्हणाली.

"दोनशे तेरा."

"अशी फाइल नाही. कोर्टाने एखादी नोंद सीलबंद केली की ती कायद्याने नसते. विचारलं तर मी नाही म्हणायचं."

"पण आहे."

"नाही."

"मग काळ्या कागदाखाली काय आहे?"

"पान," नोरीन म्हणाली.

उघडे गुन्हे मी खूप पाहिले. झाकलेला हा पहिलाच. इथे नक्की पाणी मुरतंय.

२२ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर डेल्बर्टला बाजूला घेऊन सरळ विचारलं. तो सुरी पुसत होता. पुसतच राहिला. म्हणाला की स्वतःबद्दल काय हवं ते मंडळासमोर उभा राहून सांगेन, त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण त्या शरदातली गोष्ट माझी एकट्याची नाही, तेव्हा मला विचारू नकोस.

म्हणजे साथीदार आहे. मी कार्डावर तशी नोंद केली.

लव्हर्न जवळच होती. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "विल्मा, हे एक सोडून दे." इतक्या प्रेमाने ती माझ्याशी यापूर्वी कधी बोलली नव्हती. गुन्हेगार एकमेकांना सांभाळून घेतात, दुसरं काय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डेल्बर्टला मंडळाने स्वयंपाकघरातून काढलं. सांगत नाही म्हटल्यावर इलाज नव्हता. लेखी पत्र दिलं की पुढील सूचनेपर्यंत त्याने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये. त्याने किल्ली टेबलावर ठेवली. किल्लीला बांधलेला दोरा इतका जुना होता की त्याला हाताचा रंग चढला होता. कॉर्लिसनी ती किल्ली माझ्या ताब्यात दिली, मी तपासनीस म्हणून.

जाताना त्याने मला एवढंच विचारलं की मंगळवारी सुऱ्यांना धार कोण लावणार. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा काही पुरावा नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

हिरव्या कार्डवाल्यांची आज रंगीत तालीम. आठातले चार जण आपल्याला सर्दी झाल्याचं सांगून आले नाहीत. उरलेले चार म्हणजे मी, कॉर्लिस, कॉर्लिसच्या ब्याण्णव वर्षांच्या आई आणि कर सल्लागार मिस्टर पीबल्स, ज्यांनी जन्मात काही केलेलं नाही. स्वयंपाकसुद्धा.

नूडल एकत्र होऊन त्यांचा एकच गोळा झाला. मिस्टर पीबल्सनी तो डावाने उचलला तर खालचं पातेलंही वर आलं. कॉर्लिसच्या आई म्हणाल्या, "याला पाप केलेलाच माणूस पाहिजे." त्यांना वयामुळे कळत नाही.

मला मात्र एकच लागून राहिलं आहे. काळ्या कागदाखाली असं काय आहे की ते सांगण्यापेक्षा डेल्बर्टने स्वयंपाकघर सोडलं? नोरीनने बोलता बोलता एक सांगितलं होतं. फाइल सील करण्याचा हुकूम कोर्टापुरता पोचतो, तुरुंगाची जुनी कागदी वही कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे नावांची सूची नसते, तारखा असतात. तारीख माहीत असली की झालं.

२ ऑक्टोबर, बुधवार

शेरीफच्या कचेरीत ट्रूडी नावाची बाई नोंदी सांभाळते. माझं नाव ऐकून ती खुर्चीतून उठली. "तुम्ही हार्लनच्या ना?" म्हणाली. मी हो म्हटल्यावर म्हणाली, आधी कॉफी घ्या. मी कॉफी नको म्हटलं. तिने तरी आणली.

१९८३ ची वही हिरव्या कापडाची आहे. १६ सप्टेंबर, शुक्रवार. शनिवार-रविवारचे कैदी. म्हणजे आठवडाभर नोकरी करायची आणि शिक्षा सुट्टीच्या दिवशी भोगायची, असे लोक. संध्याकाळी सहाला आत, रविवारी सहाला बाहेर. पहिली ओळ योकम डी., चोरी. दुसरी ओळ स्ट्राउप एच.

काउंटीत स्ट्राउप आणखीही आहेत असं मी ट्रूडीला सांगितलं. तिने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. मी शेवटच्या रकान्यात गेले. तिथे कैद्याकडून जमा करून घेतलेल्या वस्तू लिहितात. नारिंगी शिकारी बंडी, एक. थर्मास, एक. अंड्याची सँडविच, चार, मेणकागदात, कडा कापलेल्या.

कडा मी कापायचे. हार्लनला पावाच्या कडा आवडत नसत.

चौदा शुक्रवार, चौदा ओळी. आठवड्यामागून आठवडा, सँडविच चार. नोव्हेंबरपासून सहा. माझ्या लक्षात आहे, तो म्हणाला होता की शिकारीत एक सोबती आहे, त्याला कुणी करून देत नाही.

कॉफी गार झाली होती, तरी प्यायले. गुन्ह्याच्या रकान्यात लिहिलं होतं, धडक देऊन पळून जाणे, मेयरचं कोर्ट, क्लोव्हर लिक.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल काही लिहिलं नाही.

क्लोव्हर लिकच्या कचेरीत एकच बाई पाणीपट्टी घेते, कुत्र्यांचे परवाने देते आणि कोर्टाचे कागद सांभाळते. मेयरच्या कोर्टाच्या फायली मागच्या खोलीत, नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली. तिने हार्लनचं नाव ऐकलं आणि सरळ खोक्याकडे गेली. या काउंटीत माझ्याशिवाय सगळ्यांना ती फाइल कुठे आहे ते माहीत होतं, असं दिसतं.

२४ ऑगस्ट १९८३, बुधवार. तपकिरी गाडीने मेयरसाहेबांच्या फाटकापुढचा विटांचा खांब पाडला, पत्रपेटी आणि वरच्या दिव्यासकट. खांब नवा होता, आठ दिवसांचा. गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लन तिथे गेला तेव्हा मेयर हातात आमच्या चाकाची टोपी घेऊन उभे होते. फिर्यादी मेयर, साक्षीदार मेयर, न्यायाधीशही मेयर. शिक्षा अठ्ठावीस दिवस. खांबाच्या मानाने जास्तच.

फायलीत हार्लनच्या हातचा कागद आहे. त्याचं अक्षर उजवीकडे कलायचं. लिहिलंय, 'गाडी मी चालवत होतो. घाबरून पळालो. माझी बायको त्या वेळी घरी होती. ती असती तर पळाली नसती, ती तशी नाही.'

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हार्लनने मला एक पत्र लिहिलं नाही. बाजाराच्या यादीपलीकडे त्याने काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता हे लिहायलाच हवं. पिंपाला दिवा नसतो. मी तो दिवा विझताना पाहिला होता. मागच्या आरशात, पावसात, होता आणि मग नव्हता. घरी जाऊन मी हार्लनला पिंप म्हणाले आणि पास्टरांनाही पिंप म्हणाले, आणि इतक्यांदा म्हणाले की ते पिंप झालं.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. डेल्बर्टकडे गेले. तो घराच्या पायरीवर सफरचंदं सोलत होता. मी वहीतलं आणि फायलीतलं सगळं सांगितलं. तो सोलत राहिला. शेवटी म्हणाला, "सापडलं तर."

मग त्याने त्याचं सांगितलं. मांस कारखान्याने कामावरून काढलं म्हणून रागाने तिथून अकरा हॅम पळवले आणि विकले. चांगल्या कामासाठी वगैरे नाही, विकले आणि बूट घेतले. तुरुंगात त्याला स्वयंपाकाला लावलं. तिथल्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीने त्याला नूडल शिकवली. म्हणजे मिलफोर्क ज्या नूडलवर तीस वर्षं देवाचे आभार मानतं, ती तुरुंगातली आहे.

मी विचारलं, हार्लनने मला का सांगितलं नाही?

"मीही विचारलं होतं त्याला," डेल्बर्ट म्हणाला. "म्हणाला, शेजारणीने भांडं परत केलं नाही तर विल्मा तिला पाच वर्षं माफ करू शकली नाही. हे स्वतःचं आहे म्हटल्यावर स्वतःला ती कधी माफ करणार?"

"ते भांडं माझ्या आईचं होतं," मी म्हणाले.

"हो, तेही म्हणाला तो."

मला रडू आलं, चांगलं मोठ्याने. डेल्बर्टने मला सोलायला सुरी आणि एक सफरचंद दिलं. सुरीला धार नव्हती. त्याच्या घरच्या सुरीला धार नाही, यावर मला आणखी रडू आलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मंडळाची सभा. मी उभी राहून सगळं सांगितलं. गाडी मी चालवत होते, खांब मी पाडला, शिक्षा हार्लनने भोगली, डेल्बर्ट गप्प राहिला तो आमच्यासाठी. शिवाय सीलबंद नोंद कायद्याने नसतेच, तेव्हा त्याला परत घ्या.

खोलीत कुणालाच धक्का बसला नाही. होमर छताकडे पाहत होता. लव्हर्नने नाक शिंकरलं. मला वाटलं आता तरी माणसांसारखं बोलतील. कॉर्लिसनी घसा साफ केला.

"विल्मा, तुम्ही गाडी चालवत होता याचा काही कागद आहे?"

"कागदावर हार्लन आहे."

"मग नोंदीप्रमाणे तुम्ही स्वच्छ आहात. आपल्याला नोंदीवर जावं लागतं. ही पद्धत तुम्हीच घालून दिलीत."

तिथून पुढे सगळं फार सुरळीत झालं. माझं कार्ड हिरवंच राहिलं. डेल्बर्टने चोरी केल्याचं मीच सभेत बोलून बसले होते, म्हणून तो आता संशयाने नाही तर रीतसर अपात्र ठरला. आणि हार्लन लाल झाल्यामुळे त्याच्या नावाची पाटी विम्याच्या दृष्टीने योग्य नाही, सबब जेवणापुरती उतरवावी, असा ठराव आला. अनुमोदन मिस्टर पीबल्स. माझ्या कबुलीबद्दल इतिवृत्तात एक ओळ आहे, 'श्रीमती स्ट्राउप यांनी जुन्या आठवणी सांगितल्या.'

एकतीस वर्षं मी पोरांना म्हणत आले की चिठ्ठी नसेल तर मी काही ऐकणार नाही. त्यातल्या किती जणांच्या घरी खरोखर कुणी आजारी असेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

क्लोव्हर लिकच्या बाईंना फोन करून विचारलं की माझ्यावर आता खटला भरता येईल का. त्या म्हणाल्या, मुदत जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली. मग म्हणाल्या, कुत्र्याचा परवाना काढायचा असेल तर तो मिळेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सहाला डेल्बर्टच्या दारात गेले. त्याने तीनदा नाही म्हटलं. मी म्हटलं, पत्रात तुला मनाई आहे, मला नाही, आणि किल्ली माझ्याकडे आहे. तू माझ्या सांगण्यावरून येतो आहेस. तो म्हणाला, विल्मा, तुझ्या वयाला हे शोभत नाही. मी म्हटलं, माझ्या वयाला काय शोभतं ते मी बराच काळ करून पाहिलं.

कुलूप मी उघडलं. दारावर पाटीच्या जागी चार भोकं होती. डेल्बर्टने आधी सुऱ्यांना धार लावली, मग पीठ घेतलं. आठ वाजता मागच्या दाराने लव्हर्न आली. मग होमर, मग मिसेस आर्बोगास्ट बाह्या सरसावून. पास्टर मेरिट बटाटे सोलायला बसले. सगळी पिवळी आणि लाल कार्डं कामाला लागली आणि अकरापर्यंत वास रस्त्यावर पोचला. मला भांडी घासायला दिलं होतं. माझी पात्रता तेवढीच आहे, हे डेल्बर्टने तालमीतल्या गोळ्याबद्दल ऐकून ठरवलं होतं.

दुपारी कॉर्लिसनी शेरीफच्या कचेरीत फोन केला. मनाई असलेला इसम अनधिकाराने आत आहे म्हणून. फोन त्यांनी जेवणाच्या रांगेतून केला, जागा न सोडता.

डार्नेल पोप आला. शेरीफचा शिपाई आहे आता, पण सातवीत असताना महिन्यातून बारा दिवस उशिरा यायचा आणि मी बाराही चिठ्ठ्या दिल्या. स्वयंपाकघराच्या दारात तो टोपी काढून उभा राहिला. चारशे माणसं जेवत होती आणि आता एकेक मान दाराकडे वळू लागली. डेल्बर्टने सुरी खाली ठेवली आणि हात पुसून पुढे यायला लागला.

मी त्याच्यापुढे गेले. माझे हात कोपरापर्यंत साबणात होते. सांगितलं की कुलूप मी उघडलं, याला मी आणलं, हा तीनदा नाही म्हणाला होता. याचं नाव लिहायचं कारण नाही.

"मिसेस स्ट्राउप," डार्नेल हळूच म्हणाला, "मी असं करतो, एक ताट घेतो आणि जातो. काही झालंच नाही."

"झालंय," मी म्हणाले. "लिही."

"लिहिलं की नोंद होते. कोर्टात जाते, कायमची राहते."

"कुठे जाते ते मला ठाऊक आहे. छोटं कोर्ट, लॉन्ड्रीशेजारी. लिही."

त्याने कॉर्लिसकडे पाहिलं. कॉर्लिसच्या तोंडात नूडल होती. मग त्याने खिशातून पुस्तक काढलं. नाव. पत्ता. जन्मतारीख. मी सगळं नीट सांगितलं, तो ओट्यावर कागद टेकवून लिहीत होता. डेल्बर्ट पुन्हा फळीकडे वळला होता, त्याची सुरी चालू झाल्याचा आवाज मला ऐकू आला.

डार्नेल शेवटच्या रकान्याशी थांबला. हा प्रश्न विचारावा लागतो म्हणाला, नियमाप्रमाणे, मनावर घेऊ नका.

"याआधीचा काही गुन्हा?"

"एक आहे," मी म्हणाले. "चोवीस ऑगस्ट एकोणीसशे त्र्याऐंशी. नवऱ्याच्या नावावर आहे."